यकृताची गाठ आणि ट्रॉम्बेची काच

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने काचेचे अतिशय बारीक मणी तयार केले आहेत. एकेका मण्याचा व्यास मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाच्या आसपास. नुसत्या डोळ्यांना ती पांढरी पूडच दिसेल. या काचेत यट्रियम नावाचं मूलद्रव्य मिसळलेलं असतं. साधं यट्रियम किरणोत्सारी नसतं. पण हे मणी अणुभट्टीत ठेवले की न्यूट्रॉनच्या माऱ्याने आतलं यट्रियम-89 बदलून यट्रियम-90 होतं आणि त्यातून किरणोत्सार सुरू होतो. दर 64 तासांनी तो निम्म्यावर येतो. त्यामुळे कुपी हॉस्पिटलात कधी पोचणार, रुग्ण टेबलावर कधी येणार आणि त्या क्षणी कुपीत किती मात्रा उरलेली असेल, याचं गणित आधीच मांडून ठेवावं लागतं. ‘भाभास्फिअर’ हे या मण्यांचं नाव. यकृतातल्या कॅन्सरच्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीतच ते सोडले जातात. पोट उघडावं लागत नाही.

असे मणी जगात पहिल्यांदा मुंबईत झाले, असं मात्र नाही. कॅनडात तयार झालेल्या काचेच्या मण्यांना अमेरिकेने 1999 साली मर्यादित परवानगी दिली होती. पण परदेशातून येणाऱ्या एका मात्रेचा खर्च काही लाखांच्या घरात जातो आणि आपल्याकडे बहुतेक घरांचा विचार तिथेच थांबतो. मुंबईत एक सोय अशी की परळचं टाटा मेमोरिअल हॉस्पिटल 1962 पासून अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली आहे. अणुभट्टी चालवणारा विभाग आणि देशातलं सर्वांत मोठं कॅन्सर हॉस्पिटल चालवणारा विभाग एकच. देशी मणी आयात मण्यांपेक्षा बरेच स्वस्त पडतात, आणि या आजारात ही बाब औषधाइतकीच मोलाची आहे.

यकृताचा कॅन्सर म्हटलं की घरचे पहिला प्रश्न विचारतात, “ऑपरेशन होईल ना?” बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येतं. यकृतातच सुरू होणारा हा कॅन्सर सहसा निरोगी यकृतात होत नाही. वर्षानुवर्षं हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, नाहीतर मधुमेह आणि लठ्ठपणातून येणारं फॅटी लिव्हर यांनी पोखरलेल्या, सिरोसिस झालेल्या यकृतात तो होतो. धडधाकट यकृताचा निम्म्याहून जास्त भाग काढला तरी ते पुन्हा वाढतं. सिरोसिस झालेल्या यकृतात ती ताकद उरलेली नसते. गाठ काढायला जावं आणि उरलेलं यकृतच बंद पडावं, ही सर्जनची खरी भीती असते. प्रत्यारोपणाने गाठ आणि सिरोसिस दोन्ही जातात, पण त्याला दाता लागतो, पैसा लागतो आणि गाठ एका मर्यादेत असावी लागते. इटलीतल्या मिलान इथल्या डॉक्टरांनी 1996 मध्ये घालून दिलेली मर्यादा आजही पायाभूत मानतात: एकच गाठ असेल तर 5 सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी आणि प्रत्येक 3 सेंटिमीटरच्या आत.

जगभरात 2022 या एका वर्षात साडेआठ लाखांहून अधिक लोकांना यकृताचा कॅन्सर झाल्याचा आणि साडेसात लाखांहून अधिक लोक त्याने गेल्याचा अंदाज आहे. हे दोन आकडे इतके जवळ असणं हेच या आजाराचं रूप आहे. ऑपरेशन नाही म्हणजे काहीच नाही, अशी समजूत घेऊन घरी परतलेली माणसंही त्यात असणार. ही समजूत आता खरी राहिलेली नाही.

या सगळ्या उपचारांचं मूळ यकृताच्या रचनेत आहे. एकाच शेताला कालव्याचं आणि विहिरीचं असं दोन्हीकडून पाणी यावं, तसं यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येतं आणि उरलेलं एक चतुर्थांश यकृताच्या धमनीतून. निरोगी पेशींचा गुजारा मुख्यतः शिरेवर होतो. कॅन्सरची गाठ मात्र जवळजवळ पूर्णपणे धमनीवर पोसली जाते. म्हणजे धमनीतली नेमकी फांदी बंद केली तर गाठ उपाशी मरते आणि आजूबाजूचं यकृत शिरेच्या रक्तावर तगून राहतं. निदानसुद्धा याच गुणावर होतं. शिरेतून रंगद्रव्य देऊन टप्प्याटप्प्याने सीटी स्कॅन काढला, तर धमनीच्या टप्प्यात गाठ उजळते आणि नंतरच्या टप्प्यात भोवतालच्या यकृताहून फिकी पडते. सिरोसिसच्या रुग्णात हे चित्र स्पष्ट असेल तर बऱ्याचदा सुई घालून तुकडा काढण्याचीही गरज पडत नाही.

धमनीतून आत शिरण्याची विद्या तशी जुनी. स्वीडनचे स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये सुई, तार आणि नळी वापरून रक्तवाहिनीत जाण्याची रीत मांडली. अमेरिकेत पोर्टलंड इथे 16 जानेवारी 1964 रोजी चार्ल्स डॉटर यांनी याच वाटेने एका 82 वर्षांच्या बाईंच्या पायाची अरुंद झालेली धमनी रुंद केली. पाय कापून घ्यायला बाईंनी ठाम नकार दिला होता. तो पाय वाचला. एक्स-रे वाचणारा डॉक्टर उपचार करू लागला तो तिथून. आज ‘इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी’ ही स्वतंत्र शाखा आहे. यकृताच्या कॅन्सरसाठी ती वापरात आणली जपानने, कारण तिथे हिपॅटायटिसमुळे हा आजार मोठा होता. ओसाकाचे र्युसाकू यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ऑपरेशन न होऊ शकणाऱ्या 120 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. डॉक्टर मंडळी ज्याला ‘टेस’ म्हणतात, तो उपचार याच घराण्यातला.

टेसच्या वेळी रुग्ण जागा असतो. मांडीच्या सांध्यापाशी किंवा मनगटाशी तेवढीच जागा बधिर करतात. तिथल्या धमनीतून बारीक नळी आत जाते, महाधमनीतून वर सरकते आणि यकृताच्या धमनीच्या तोंडाशी येते. मग तिच्या पोटातून आणखी बारीक नळी पुढे जाते. डॉक्टरांची नजर रुग्णावर कमी आणि पडद्यावर जास्त असते. रंगद्रव्य सोडलं की पडद्यावर धमनीच्या फांद्या काळ्या रेघांनी उमटतात आणि एका जागी गाठीचा डाग भरत जातो. त्या डागाकडे जाणारी फांदी सापडली की तिच्यातून केमोथेरपीचं औषध सोडतात, बहुधा डॉक्सोरुबिसिन, आणि तेही लिपिओडॉल नावाच्या तेलात घोटून. हे लिपिओडॉल म्हणजे आयोडिन मिसळलेलं खसखशीचं तेल. फ्रान्समध्ये ते 1901 सालापासून बनतं. गाठीतल्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांत ते अडकून राहतं आणि पुढच्या स्कॅनमध्ये पांढरं दिसत राहतं. शेवटी जिलेटिनचे कण सोडून ती वाट बुजवतात. नळी काढली की त्या जागेवर दाब द्यायचा आणि पट्टी बांधायची. टाका नाही.

पुढचे काही दिवस मात्र सोपे नसतात. उजव्या बरगडीखाली दुखतं, ताप येतो, मळमळतं, अन्नावरची वासना जाते. गाठ मरत असल्याची ही खूण असते आणि सहसा आठवड्याभरात ती ओसरते. ‘काही त्रास होत नाही’ असं सांगून रुग्णाला टेबलावर घेणं बरोबर नाही. आधी नीट कल्पना दिली तर माणूस घाबरत नाही आणि वेदनाशामक औषधं वेळेवर मागून घेतो.

फायदा किती? 2002 मध्ये दोन ठिकाणच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. बार्सिलोनात टेस दिलेल्यांपैकी 63 टक्के रुग्ण दोन वर्षांनी हयात होते. न दिलेल्यांपैकी 27 टक्के. हाँगकाँगमध्ये आजार अधिक पुढे गेलेला होता, तिथे हेच प्रमाण 31 आणि 11 टक्के भरलं. टेसने बहुतेकांचा कॅन्सर कायमचा जात नाही. तो थोपवला जातो, पुन्हा वाढला तर टेस पुन्हा देता येतो, आणि प्रत्यारोपणाच्या यादीत वाट पाहणाऱ्या रुग्णाची गाठ तोवर मर्यादेत ठेवता येते. यकृताच्या कॅन्सरमध्ये ही दोन-तीन वर्षं फार मोठी असतात.

गाठ लहान असेल तर मात्र थोपवण्यावर समाधान मानायचं कारण नाही. ती जाळून संपवता येते. सोनोग्राफी किंवा सीटीच्या आधाराने त्वचेतून एक लांब सुई थेट गाठीत नेतात. रेडिओलहरींच्या किंवा मायक्रोवेव्हच्या ऊर्जेने सुईच्या टोकाभोवतीचं तापमान 60 अंशांच्या वर गेलं की पेशी जागीच मरतात. एका जागेला काही मिनिटं पुरतात. गाठीबरोबर भोवतालचं अर्धा ते एक सेंटिमीटर यकृतही जाळायचं असतं, कारण कडेला सुटलेल्या पेशीच पुढे दगा देतात. या कामातलं कसब जाळण्यापेक्षा वाचवण्यात जास्त आहे. गाठीला खेटून आतडं असेल तर यकृत आणि आतडं यांच्यामध्ये डेक्स्ट्रोजचं पाणी सोडतात. आतडं बाजूला सरकतं आणि भाजण्यापासून बचावतं. रेडिओलहरी वापरताना साधं सलाइन चालत नाही, कारण मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. मोठी रक्तवाहिनी शेजारी असेल तर वाहतं रक्त उष्णता पळवतं आणि तेवढी कड अर्धवट राहते. अशा जागी मायक्रोवेव्ह सरस ठरतं. पित्ताच्या मुख्य नळीजवळच्या गाठीला मात्र अनुभवी डॉक्टरही सुई लावायला कचरतात.

आणि हे ऑपरेशनच्या तोडीचं आहे का? लहान गाठीपुरतं, हो. जपानमधल्या एका मोठ्या चाचणीत 3 सेंटिमीटरपर्यंतच्या, तीनपेक्षा जास्त नसलेल्या गाठींमध्ये ऑपरेशन आणि रेडिओलहरी यांच्या निकालात फरक आढळला नाही. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरून झालेल्या लहान गाठींबद्दल नेदरलँड्समध्ये ‘कोलिजन’ नावाची चाचणी झाली. तिचे 2024 मध्ये मांडलेले निष्कर्षही तसेच होते: जाळण्याचा उपचार ऑपरेशनपेक्षा उणा पडला नाही आणि गुंतागुंत कमी झाली. 3 सेंटिमीटरच्या पुढे मात्र जाळण्याचा भरवसा घटत जातो, आणि 5 सेंटिमीटरची गाठ “एका सुईत संपवतो” म्हणणाऱ्यापासून दूर राहिलेलं बरं.

मोठी गाठ, पोर्टल शिरेच्या फांदीत शिरलेली गाठ, अशा ठिकाणी ट्रॉम्बेच्या काचेसारख्या मण्यांचा उपयोग होतो. त्यांना रक्तवाहिनी बुजवायची नसते. गाठीत जाऊन बसायचं आणि आतून किरणं सोडायची, एवढंच काम. यट्रियमचे बीटा कण शरीरात सरासरी अडीच मिलिमीटर जातात, फार तर 11 मिलिमीटर. त्यामुळे गाठीला प्रचंड मात्रा मिळते आणि शेजाऱ्यांना थोडी. पण उपचाराच्या आधी एक रंगीत तालीम करावीच लागते. त्याच नळीतून टेक्नेशियम लावलेले प्रथिनांचे कण सोडून स्कॅन काढतात आणि मणी नेमके कुठे जातील ते पाहतात. गाठीतल्या आडवाटांनी ते मोठ्या प्रमाणात फुप्फुसात पोचणार असतील तर उपचार रद्द होतो. सगळं ठीक असेल तर काही दिवसांनी प्रत्यक्ष मात्रा देतात. दोन आठवड्यांत जवळजवळ सगळा किरणोत्सार संपतो. काच तशीच आत राहते, तिचा काही उपद्रव नसतो. टेसच्या मानाने दुखणं कमी, थकवा जास्त.

कोणालाही कोणताही उपचार चालतो, असं मात्र नाही. रुग्णाची कावीळ वाढलेली असेल, पोटात पाणी भरलेलं असेल, तर धमनी बंद करणं म्हणजे उरलंसुरलं यकृत धोक्यात घालणं. म्हणून गाठीच्या मापाआधी यकृताची ताकद मोजायची असते. हा निर्णय एकट्या डॉक्टरने घेऊ नये. सर्जन, यकृततज्ज्ञ, कॅन्सरतज्ज्ञ आणि इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट एकत्र बसून स्कॅन बघतात अशी बैठक मोठ्या केंद्रांत ठरलेल्या वारी होते. “आमची केस त्या बैठकीत ठेवली का?” हे रुग्णाच्या माणसांनी न संकोचता विचारावं. महाराष्ट्रात सरकारी योजनेत कोणता उपचार बसतो ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारावं, तेही आधी. नंतर बिल हातात पडल्यावर उपयोग नसतो.

आजार यकृताबाहेर गेला की गोळ्या आणि शिरेतून देण्याच्या औषधांवर भिस्त येते. त्यातही मुंबईचा एक धडा नोंदवण्याजोगा आहे. सोराफेनिब ही या कॅन्सरवरची पहिली परिणामकारक गोळी. तिचा महिन्याचा खर्च 2,80,000 रुपये होता. मुंबईच्या पेटंट कार्यालयात 9 मार्च 2012 रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला ती बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि तीच महिन्याची मात्रा 8,880 रुपयांना मिळू लागली. भारतातला अशा प्रकारचा तो पहिला परवाना होता. पुढे इम्युनोथेरपी आली आणि आता टेसबरोबर ती देऊन काय होतं याच्या चाचण्या चालू आहेत. सुईशिवाय, बाहेरून ध्वनिलहरींच्या माऱ्याने गाठ फोडण्याच्या यंत्रालाही अमेरिकेत ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली.

आता समुद्रापलीकडे, कारण या आजाराचा एक धागा आखातातल्या नोकऱ्यांशी जोडलेला आहे. मुंबईहून विमानाने तीनेक तासांवर मस्कत, आणि त्यातल्या बौशर विलायतीत गाला. गोदामं, गॅरेज, कारखाने, कंपन्यांची ऑफिसं आणि त्यांच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत राहणारी हजारो भारतीय माणसं. रत्नागिरी-रायगडच्या घरांत ओमानला कामाला असलेलं कोणी ना कोणी निघतंच. गालापासून जवळच, बौशरमध्येच 1987 साली सुरू झालेलं सरकारी रॉयल हॉस्पिटल आहे, तिथे राष्ट्रीय कॅन्सर केंद्रही आहे. अल खूदला सुलतान काबूस यांच्या नावाचं मोठं कॅन्सर केंद्र उभं राहिलं आहे. पण सरकारी सेवा प्रामुख्याने ओमानी नागरिकांसाठी. बाहेरून आलेल्या कामगाराला खासगी हॉस्पिटल आणि कंपनीचा विमा यांवर अवलंबून राहावं लागतं. कॅन्सरचं निदान झालं की त्यातले कितीतरी जण बाडबिस्तरा आवरून गावी येतात. उलट दिशेने, उपचारांसाठी मुंबईला येणाऱ्या ओमानी कुटुंबांची रीतही जुनीच आहे.

आखातात कामाला निघालेल्या आपल्या माणसांच्या हातात मात्र एक गोष्ट असते, जी गावातल्या माणसाकडे सहसा नसते. आखाती देशांच्या व्हिसासाठी ‘मेडिकल’ करावी लागते आणि तिच्यात हिपॅटायटिस बी आणि सी यांची रक्ततपासणी सक्तीची आहे. पॉझिटिव्ह आलेला माणूस अनफिट ठरतो. एजंटला दिलेले पैसे, घरचं कर्ज, गावातली चर्चा, या सगळ्यात तो कागद कपाटात जातो आणि दुसऱ्या कामाची खटपट सुरू होते. नोकरी गेल्याचं दुःख मोठं आहे, ते कोणी कमी लेखू नये. पण हाच कागद यकृताच्या कॅन्सरची दहा-वीस वर्षं आधी मिळालेली सूचना असू शकतो. हिपॅटायटिस बीमध्ये तर सिरोसिस न होताही कॅन्सर होऊ शकतो.

गावाकडे यात आणखी एक अडचण आहे. कावीळ झाली की झाडपाल्याचं औषध घ्यायचं, कावीळ ‘उतरवून’ घ्यायची. दूषित पाण्यातून होणारी बहुतेक कावीळ आपोआप बरी होते आणि श्रेय त्या औषधाला जातं. बी विषाणू मात्र डोळे पिवळे न करताही वर्षानुवर्षं यकृतात राहतो आणि त्याची तपासणी होतच नाही. ओमानने बाळांना हिपॅटायटिस बीची लस 1990 मध्येच द्यायला सुरुवात केली. भारतात ती देशभरातल्या सर्व बाळांसाठी 2011 मध्ये आली. म्हणजे आज तिशी, चाळिशी, पन्नाशीत असलेल्या, आखातात राबणाऱ्या आणि गावी राहिलेल्या पिढीतल्या बहुतेकांना लहानपणी ही लस मिळालेलीच नाही.

उपाय महाग नाहीत. हिपॅटायटिस सी बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी पूर्ण जात नाही, पण रोजच्या एका गोळीने दबून राहतो. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. प्रत्येक बी पॉझिटिव्ह माणसाला गोळ्या लागतातच असं नाही. ते डॉक्टर ठरवतील.

सिरोसिस झालेल्या प्रत्येकाने, आणि बीची लागण असलेल्या चाळिशीपुढच्या पुरुषांनी व पन्नाशीपुढच्या स्त्रियांनी, दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करून घ्यावी. जोडीला एएफपी ही रक्ततपासणी करतात. घरात कोणाला यकृताचा कॅन्सर झालेला असेल तर वयाची वाट पाहू नये. सुईने जाळून संपेल अशी 2 सेंटिमीटरची गाठ दुखत नाही, तिने वजन घटत नाही, भूकही मरत नाही. ती फक्त पडद्यावर दिसते. तुमच्या घरात, भावकीत कोणी मेडिकलला बी किंवा सी पॉझिटिव्ह आल्यामुळे परत फिरला असेल, तर या महिन्यातच त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, आणि जाताना तो जुना रिपोर्ट बरोबर न्या.